ठिणगी न उडणारी सुरी

अण्णा, तुमचा बारावा झाला त्याच संध्याकाळी बेळगावहून टिळकवाडीच्या घरमालकीण बाईंचा फोन आला. त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, आईबद्दल विचारलं, मी नीट जेवते का ते विचारलं. सावकाश ये, खोली कुठं पळून जात नाही, असं म्हणाल्या. सुरीचं नाव त्यांनी काढलं नाही. मुद्दाम काढलं नाही, हे मला कळलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान एका माणसाला तरी मी मोठ्यानं सांगितलं असतं की आमचे अण्णा किती हट्टी होते.

कारण घरात सध्या तुम्ही फार चांगले झाला आहात. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं की देवमाणूस होता, कधी कुणाला उलट बोलला नाही. मी खाली बघून मान हलवते. अण्णा, माझ्याशी तुम्ही कधी सरळ बोललात का? दहावीला गणितात चांगले मार्क पडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाकीचे कुठं सांडलेस?" हे देवमाणसाचं बोलणं झालं का?

पण मला त्या सुरीबद्दल बोलायचं आहे. ते राहून गेलं आहे.

तुम्ही मला भेटायला बेळगावला आलात, तो दिवस आठवतो. बाईंच्या माडीवरच्या खोलीत मी कॉलेजसाठी राहायला लागून फार दिवस झाले नव्हते. तुम्ही पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझी विसरलेली चादर घेऊन आलात. बाईंनी तुम्हाला खाली चहाला बोलावलं. तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेला बसलात आणि मी मनात म्हणत होते, आता चहा बशीत ओतू नका. तुम्ही ओतलात. बाईंनीही मग आपला चहा बशीत ओतला. तरी मला लाज वाटतच राहिली.

ओट्यावर बाई घेवडा चिरत होत्या. हातात पांढरी सुरी. दुधासारखी पांढरी, चकाकी नसलेली. त्यांच्या मुलानं परदेशातून आणलेली. बाई सांगत होत्या की सुरुवातीला लोण्यातून जावी तशी चालायची, आता शेंग नुसती दबते, आणि इथं कुणीच तिला धार लावून देत नाही. बेळगावात विचारलं, सगळ्यांनी हात वर केले.

"द्या की हिकडं," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही.

"अहो, ही लोखंडाची नाही. सीरॅमिकची आहे म्हणे."

"असूं दे की बाई. धार ती धार. निपाणीत ह्या हातानं आजवर एक पातं माघारी लावलं न्हाय. होत न्हाय म्हणायची आमच्यात पद्धत न्हाय."

बाई सुरी तुमच्या हातात द्यायला लागल्या तर तुम्ही हात मागं घेतलात. "खाली ठिवा बाई. हातात दिली की भांडान लागतंय." बाई हसल्या आणि सुरी ओट्यावर ठेवली, मग तुम्ही उचललीत. धार लावायच्या आपल्या दुकानातही तुमचं असंच असायचं. पातं कुणाच्या हातात द्यायचं नाही, फळीवर ठेवायचं, ज्यानं त्यानं उचलायचं. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र पिशवीचं तोंड बांधायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तुम्ही सुरी सरळ माझ्या हातात दिलीत. मी म्हणाले, "आणि आता भांडण लागलं म्हणजे?"

"आपलं हायच की," तुम्ही म्हणालात. "नवीन काय लागायचंय?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमचा फोन. आधी फोन आईचा असायचा, तुम्ही पलीकडून "बरी हाय का विचार" एवढंच म्हणायचात. सुरी आली आणि फोन तुमच्या हातात गेला. कशी आहेस नाही, परीक्षा कधी नाही. पहिलंच वाक्य, "ठिणगी उडंना गं."

"अण्णा, ते लोखंड नाही. ठिणगी उडणार नाही."

"ठिणगी न्हाय तर चाक लागलं का न्हाय कळायचं कसं?"

"नाही कळणार. तसंच आहे ते."

"तसंच कसं? जरा दाबून बघतो."

"दाबू नका, अण्णा. तुटेल."

"तुटायला काय काच हाय?"

दुसऱ्या दिवशी परत तेच. आता तुम्हाला नवी तक्रार होती. लोखंडाचं पातं चाकावर पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक कड उलटून येते. बोटाला लागते. ती आली की तुम्ही बाजू पलटायचात. तुमचं सगळं काम डोळ्याला दिसणाऱ्या ठिणगीवर आणि बोटाला लागणाऱ्या त्या कडेवर चालायचं. ह्या सुरीला ठिणगी नाही आणि कडही येत नाही. म्हणून तुम्हाला वाटायचं अजून काही झालंच नाही. म्हणून तुम्ही आणखी दाबायचात. मी तुम्हाला हे किती वेळा सांगितलं? तुम्ही प्रत्येक वेळी "व्हय, व्हय" म्हणालात आणि प्रत्येक वेळी दाबलंत.

शेवटी मी आमच्या सरांना विचारलं. हे तुम्हाला सोपं वाटत असेल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सरांना अभ्यासातलंही विचारायला मला धीर होत नाही. वर्ग सुटल्यावर दाराशी उभी राहायची आणि सर जवळ आले की वही चाळत राहायची. एके दिवशी विचारलं. तेही, सुरीला धार कशी लावायची! बाजूची मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हा धातू नव्हे. एक कठीण पूड असते, ती साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. साधा दगड तिच्यावर नुसता घसरतो, नाहीतर धारेचे कपचे काढतो. हिऱ्याची बारीक पूड बसवलेली पट्टी मिळते, तिच्यावर पाणी घालून अगदी हलक्या हातानं घासायचं.

मी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं, पाठ केलं, आणि तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही पूर्ण ऐकलंत. मला बरं वाटलं. मग तुम्ही म्हणालात, "पूड दाबून भाजत्यात?"

"हो."

"म्हंजे बशीच की ही! एवढं शिकून बशीच निघाली व्हय? कुंभाराकडं द्यायला पायजे हुती."

"आणि हिऱ्याची पट्टी—"

"हिरा? तुझ्या आईच्या नाकात चमकी न्हाय, आणि बशीला हिरा?" मागं आईच्या हसण्याचा आवाज आला. तीही तुमच्याच बाजूची.

तरी मी पट्टी मागवली, निपाणीच्या पत्त्यावर. सुट्टीला घरी आले तेव्हा ती दुकानातल्या फळीवर होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि तिच्यावर तुमचा चहाचा ग्लास. पाकिटावर ग्लासाच्या बुडाचे गोल डाग पडले होते. मला भयंकर राग आला. तुम्ही म्हणालात, "ठिवाय लई झ्याक हाय. ग्लास घसरत न्हाय."

त्या दिवशी दुकानासमोर बिड्या वळणाऱ्या बायका उभ्या होत्या. आपल्या दुकानाचं खरं गिऱ्हाईक त्याच. बिडीचं पान कापायची कात्री बोथट झाली की पान फाटतं, आणि फाटक्या पानाची बिडी कारखान्यात घेत नाहीत. त्यांच्या कात्र्या डब्यात पडल्या होत्या आणि तुम्ही पांढरी सुरी उजेडात धरून बघत बसला होता. शेजारच्या शांताक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का वो, आज तरी मिळंल का कात्री? का बशीलाच धार लावत बसणार हाईसा जलमभर?" बशीची गोष्ट तुम्हीच गल्लीभर केली होती.

"देतो की आक्का, जरा दम खावा."

"मी खाते दम. माझी पोरं काय खात्यात ते सांगा."

तुम्ही हसत हसत कात्र्या घेतल्यात. चाकावर ठिणग्या उडायला लागल्या आणि तुमचं तोंड उजळलं. मी बघत होते. शांताक्काला कात्री फळीवर ठेवून दिलीत. आणि परत सुरी हातात घेतलीत. त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले की ही सुरी बाईंना परत द्या, सांगा की होत नाही. एवढंच तर म्हणायचं आहे. बाई चांगल्या आहेत, काही म्हणणार नाहीत. पाकिटावरचा ग्लास उचलून चहा प्यायलात आणि ग्लास परत तिथंच ठेवलात.

पुढं कोल्हापूरची फेरी झाली. ते तुम्ही मला सांगितलंच नाही, आईनं सांगितलं. कुणी तरी तुम्हाला म्हणालं की लेथच्या कारखान्यात एक हिरवं चाक असतं, ते कशालाही लागतं. तुम्ही मोटरसायकल काढून कोल्हापूरला गेलात. येताना कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर पोलिसानं पोत्यात गुंडाळलेली जड गोल वस्तू बघून कानडीत विचारलं, "इदु एनु?" हे काय म्हणून. तुम्हाला कानडी येतं, चाक आहे एवढं सांगितलं की झालं असतं. पण नाही. तुम्ही त्याला टिळकवाडीच्या बाई, परदेशातला मुलगा, पांढरी सुरी, सगळं सांगितलंत. मागं गाड्यांची रांग लागली. शेवटी त्यानंच हात जोडले म्हणे.

त्या हिरव्या चाकानं सुरीला खाच पाडली. टोकापासून जरा अलीकडं, तांदळाच्या दाण्याएवढी. आईनं सांगितलं की तो कपचा उडाला तेव्हा तुम्ही चाक बंद केलंत आणि जमिनीवर तो शोधत बसलात. सापडल्यावर काय करणार होता, अण्णा? चिकटवणार होता?

संध्याकाळी फोनवर तुम्ही खाचेचं काही बोलला नाहीत. मीच बोलले. चिडूनच बोलले, ते मी आता गोड करून सांगणार नाही. म्हणाले, "एकदा म्हणा की होत नाही. मी सांगते बाईंना. तुम्हाला यायलाही नको."

तुम्ही म्हणालात, "तसलं तुमच्या कालेजात शिकवत असतील."

मी फोन ठेवला. त्याच आठवड्यात भरदुपारी दुकानातच तुम्ही गेलात. चाक फिरत होतं आणि तुम्ही खाली बसला होता, असं शांताक्का सांगतात. त्यांनी आधी चाक बंद केलं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

बाईंच्या फोननंतर आई म्हणाली, "माणूस गेला. आता कसली धार? दिऊन टाक सुरी, बाईला समजतंय." तिचं बरोबर होतं. मीही तुम्हाला तेच सांगत होते. पण आईच्या तोंडून ते ऐकलं आणि मला पटेना. तुम्ही कुणाचं पातं माघारी लावलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर पहिलं पातं मी माघारी लावायचं? आणि दिली, तर काय सांगून द्यायची? खाच आधीपासून होती म्हणून? तेही जमणार नव्हतं. तुम्ही जिवंत असताना मला अडकवलंत, आणि गेल्यावरही सोडलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी कात्र्या ज्याच्या त्याला परत द्यायला म्हणून दुकान उघडलं. फळीवर ग्लास होता. ग्लासाखाली पाकीट होतं. ग्लास उचलला तर पाकीट रिकामं.

पट्टी चाकामागच्या खणात सापडली, तुमच्या जुन्या बनियनच्या फडक्यात. तिचा वरच्या अंगाचा खरबरीतपणा मधोमध पार गेला होता. दोन ठिकाणी आरशासारखी गुळगुळीत. सर म्हणाले होते की जास्त दाबलं तर हिऱ्याची पूड निघून जाते. तुम्ही दाबलं होतंत. कुणाला न सांगता, माझं ऐकून, पट्टी वापरली होती. आणि ठिणगीची वाट बघत ती दाबून दाबून संपवली होती. मी तिथंच फळीवर बसले. अण्णा, मला हसू आलं आणि रागही आला. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंत, तर तेही असं?

आणि फोनवर रोज "हिरा कशाला" म्हणून वाद घालत होता. तो का, ते मला तिथं बसल्यावर कळलं. मी कॉलेजात गेल्यापासून तुमच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. माझे विषय तुम्हाला सांगता यायचे नाहीत आणि तुमचं दुकान मला रोज तेच वाटायचं. तुम्हालाही सुचत नसावं. सुरी आल्यावर आपल्याला विषय मिळाला. सुरी झाली असती तर तो संपला असता. हे खरं आहे का, तुम्ही मुद्दाम लांबवत होता का, मला माहीत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "तसलं काय न्हाय. ठिणगी उडंना म्हणून."

मी पट्टी उलटी केली. तिला दुसरी बाजू होती, जास्त बारीक पुडीची. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. तुम्ही ती उलटी करून बघितलीच नव्हती.

दोन दुपारी मी फळीवर बसून ती सुरी घासली. पाणी शिंपडायचं, पातं आडवं टेकवायचं, वजन न देता ओढायचं, उचलायचं, परत टेकवायचं. आवाज नाही, ठिणगी नाही, बोटाला काही लागत नाही. पाण्यात दुधासारखा पांढरा लोट तेवढा दिसायचा. शांताक्का दारात येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "दाब की जरा! अन्न खातीस न्हवं?"

"दाबायचं नसतं, आक्का."

"न दाबता धार? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर..."

"बापानं दाबूनच वाट लावलीया."

त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. तुम्ही गेल्यापासून त्या दुकानात पहिल्यांदाच कुणी हसलं. खरं सांगते, मलाही दर थोड्या वेळानं दाबावंसं वाटत होतं. काही होतंय की नाही हे न कळता करत राहणं फार अवघड आहे. तुम्ही काय सोसत होता ते त्या वेळी कळलं. तरी पट्टी उलटी करून बघायला काय झालं होतं, अण्णा?

आईनं सुरी तपासली. ती बाहेरच्या सोप्यात बिड्या वळत बसली होती. तिनं सुपातलं भिजवलेलं पान घेतलं, डाव्या हातात ताणून धरलं आणि सुरी नुसती टेकवून ओढली. पान कापलं गेलं, सरळ. तिनं दुसरं घेतलं. सुरी मुठीकडून टोकाकडं ओढत नेली. पान कापत गेलं आणि खाचेपाशी आलं तसं टरकन फाटलं. तिसरं घेतलं. परत तिथंच फाटलं.

"धार लागलीया," आई म्हणाली. मग खाचेवरून अंगठा फिरवत बसली. "हे ह्येंचं हाय व्हय?"

"व्हय."

"जाईल का?"

"नाही जायचं. ते काढायचं तर अख्खं पातं तेवढं झिजवायला लागेल. ह्या पट्टीवर होत नाही."

होत नाही. आपल्या घरात ते मी म्हणाले. आईनं फाटलेली पानं वेगळी ठेवली.

आज सकाळी बेळगावला आले. बसमध्ये सुरी मांडीवरच्या पिशवीत, तुमच्याच बनियनच्या फडक्यात गुंडाळलेली. संकेश्वरपर्यंत मी वाक्य जुळवत होते. मग सोडून दिलं. तुम्हाला माहीत आहे, जुळवलेलं वाक्य मला ऐन वेळी आठवत नाही.

बाई स्वयंपाकघरात होत्या. मला बघून त्यांनी गॅस बारीक केला. मी फडकं सोडलं आणि एका दमात सांगितलं, "बाई, धार लागली आहे. पण इथं एक खाच आहे. ती अण्णांच्या हातनं पडली. ती जाणार नाही."

बाईंनी चष्मा वर करून खाच बघितली. "त्यांनी लावली धार?"

माझ्या तोंडात "हो" आलं होतं. तुमचा शब्द राहिला असता. पण तुम्ही असता तर स्वतःच सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली असती, कोगनोळीच्या पोलिसासकट. म्हणून मीही सांगितली. चाक, बशी, हिरवं चाक, पट्टीची गुळगुळीत झालेली बाजू, सगळं. बाई मधे हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी सांगत राहिले. इतकं सलग मी कुणाशी कधी बोलले नव्हते.

"आण इकडं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

मी सुरी त्यांच्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, त्यांना उचलता येईल अशी. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही, अण्णा.